आरएनएची घडी आणि जिवाणूंमधलं ट्रान्सक्रिप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची एमएस्सी मायक्रो आणि बायोटेकची पोरं-पोरी सेमिस्टरच्या आधी, नेट-सेटच्या आधी जे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर परत परत पाठवतात ते इथे एका जागी घेतलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे अवघड होत जातात. वाचताना हाताशी कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा, कारण हा विषय नुसता वाचून कळत नाही, घडी स्वतः काढून बघावी लागते.

१. आरएनए तर नुसता निरोप नेतो ना, मग तो ट्रान्सक्रिप्शन कंट्रोल कसा काय करणार?

ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डीएनएवरून आरएनए लिहिणं, आणि ते लिहिणारं यंत्र म्हणजे पॉलिमरेज. हे पॉलिमरेज डीएनएवरून पुढे सरकत असतं तेव्हा आरएनएचं सुरुवातीचं टोक आधीच बाहेर आलेलं असतं, आणि बाहेर आलं रे आलं की ते स्वतःवरच दुमडायला लागतं, जीच्या समोर सी, एच्या समोर यू अशा अक्षरांच्या जोड्या लावत; यालाच घडी पडणं म्हणायचं. पुष्कळ जनुकांमध्ये प्रोटीनचा कोड सुरू व्हायच्या आधी आरएनएचा एक तुकडा असतो, त्याला लीडर म्हणतात. या लीडरमध्ये थांबा सांगणारी घडी पडली तर पॉलिमरेज तिथेच डीएनए सोडून देतं आणि पुढचं जनुक लिहिलंच जात नाही. पण त्याच घडीची एक बाजू आधीच दुसऱ्या कुठल्या घडीत अडकली असेल तर थांब्याची घडी पडत नाही, पॉलिमरेज पुढे जातं. दोन घड्या, दोघींना लागणारी अक्षरं तीच, त्यामुळे एका वेळी एकच पडू शकते. या पानावरच्या बहुतेक सगळ्या उत्तरांत हीच ओढाताण आहे, फक्त कुठली घडी पडायची ते ठरवणारा दर वेळी वेगळा.

आणि हे ठरायला वेळ किती? ई. कोलाय या जिवाणूचं पॉलिमरेज सेकंदाला साधारण ४० ते ९० अक्षरं लिहितं, छोटी हेअरपिन (केसांच्या पिनेसारखी घडी, खाली देठ आणि वर लूप) तर मिलिसेकंदात किंवा त्याहूनही लवकर पडते, म्हणजे सगळा निर्णय थोड्या सेकंदांत उरकतो. माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं की पुस्तकातली शेवटची आकृती पाठ करू नका, कुठली घडी कधी पडली ते विचारा. वेळ धरून विचार केला की अर्ध्या शंका आपोआप सुटतात.

२. ही थांब्याची घडी दिसते कशी? एखादं खरं उदाहरण द्या ना.

ई. कोलायच्या ट्रिप ऑपेरॉनच्या (म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो ॲसिड बनवणाऱ्या, एकत्र लिहिल्या जाणाऱ्या जनुकांच्या गटाच्या) लीडरमधली बघू. कागदावर ओळीने लिहा: ए जी सी सी सी जी सी, मग सी यू ए ए यू जी ए, मग जी सी जी जी जी सी यू, आणि त्याच्या पुढे यू यू यू यू अशी यूची रांग. आता पहिली सात अक्षरं आणि तिसऱ्या गटातली सात उलट्या दिशेने समोरासमोर आणा. पहिला ए शेवटच्या यूसमोर, जी सीसमोर, असं करत सातही जोड्या लागतात, मधली सात अक्षरं वर लूप म्हणून राहतात. जीसी जोड्यांनी भरलेला देठ आणि लगेच मागे यूची रांग, याला इन्ट्रिन्सिक टर्मिनेटर म्हणतात.

यूची रांग आली की पॉलिमरेज जरा अडखळतं, तेवढ्यात हेअरपिन पडते, आणि पॉलिमरेजच्या आत आरएनए-डीएनएची जी ९-१० जोड्यांची पकड असते ती आता बहुतेक यू-एचीच असल्याने एकदम कमजोर असते, त्यामुळे आरएनए सुटून येतो. परीक्षेत यावरच गणित असतं: देठातलं एक अक्षर बदललं तर टर्मिनेशन घटतं, समोरचं अक्षरही जोडी जुळेल असं बदललं तर परत येतं, आणि यूची रांग काढली तर देठ कितीही मजबूत असला तरी टर्मिनेशन नीट होत नाही.

३. रिप्रेशन आणि ॲटेन्युएशन एकच का?

नाही. रिप्रेशनमध्ये प्रोटीन डीएनएवर बसतं आणि ट्रान्सक्रिप्शन सुरूच होऊ देत नाही. ॲटेन्युएशनमध्ये ट्रान्सक्रिप्शन सुरू झालेलं असतं आणि लीडरमध्ये ठरतं की पुढे जायचं का थांबायचं.

ट्रिप ऑपेरॉनला दोन्ही आहेत. रिप्रेसरने साधारण ७० पट फरक पडतो, ॲटेन्युएशनने साधारण ८ ते १० पट, दोन्ही मिळून ६००-७०० पटीच्या घरात. पोरं विचारतात दोन कशाला, एक पुरलं नसतं का? तर दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतात. रिप्रेसर पेशीत सुटं ट्रिप्टोफॅन किती आहे ते बघतो, ॲटेन्युएशन बघतं की ट्रिप्टोफॅन चढवलेला टीआरएनए (प्रोटीन बनवायच्या जागी अमिनो ॲसिड नेणारा आरएनए) किती आहे. प्रोटीन बनवायला शेवटी टीआरएनएवर चढलेलंच कामाला येतं, म्हणून दुसरी मोजणी पेशीच्या खऱ्या गरजेला जास्त जवळची आहे.

४. ट्रिपचं ॲटेन्युएशन एकदा शेवटचं नीट समजावून सांगा, १-२, २-३, ३-४ मध्ये दर वेळी गोंधळ होतो.

हे कोडं चार्ल्स यानोफ्स्की यांच्या स्टॅनफर्डच्या लॅबने १९७० च्या दशकात सोडवलं. लीडर १६२ अक्षरांचा आहे, त्यात १४ अमिनो ॲसिडच्या एका छोट्या पेप्टाइडचा (छोट्या प्रोटीनचा) कोड आहे: मेथिओनिन, लायसिन, अॅलानिन, आयसोल्युसिन, फिनाइलअॅलानिन, व्हॅलिन, ल्युसिन, लायसिन, ग्लायसिन, मग ट्रिप्टोफॅन, ट्रिप्टोफॅन, आणि शेवटी आर्जिनिन, थ्रिओनिन, सेरिन. ट्रिप्टोफॅन हे प्रोटीनमधलं सगळ्यात दुर्मिळ अमिनो ॲसिड, आणि इथे इवल्याशा पेप्टाइडमध्ये दोन लागोपाठ, १० आणि ११ नंबरला. तीच सगळी किल्ली आहे.

आता वेळेच्या क्रमाने जा. लीडरमध्ये एकमेकांशी जोडी लावू शकणारे चार भाग आहेत, ओळीने १ ते ४. पॉलिमरेजने भाग १ आणि २ लिहिले की १-२ची हेअरपिन पडते आणि पॉलिमरेज थबकतं. या थांब्यामुळे मागून रायबोझोमला (आरएनए वाचून प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राला) चढायला वेळ मिळतो, तो पेप्टाइड वाचायला लागतो, १-२ उघडतो आणि पॉलिमरेज परत निघतं. इथून पुढे दोघं बरोबर चालतात. ट्रिप्टोफॅनचा तुटवडा असेल तर रायबोझोम ट्रिप्टोफॅनच्या त्या दोन कोडॉनवर (एकेका अमिनो ॲसिडच्या तीन अक्षरी खुणेवर) अडकतो, म्हणजे भाग १ वर बसून राहतो, भाग २ मोकळा राहतो, मग ३ बाहेर आला की २ लगेच त्याला पकडतो. ४ बाहेर येईपर्यंत ३ आधीच गुंतलेला, टर्मिनेटर पडत नाही, पॉलिमरेज पुढे जाऊन ट्रिप्टोफॅन बनवणारी जनुकं लिहितं. ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर रायबोझोम न अडता स्टॉप कोडॉनपर्यंत जातो आणि भाग २ ला झाकून टाकतो, मग ३ला जोडीदार उरतो तो फक्त ४, आणि ३-४ म्हणजेच प्रश्न २ मधला टर्मिनेटर.

गोंधळ का होतो तर पुस्तकात चारही भाग एकदम छापलेले असतात. खरं तर २ आणि ३ भेटतात तेव्हा ४ जन्मलेलाच नसतो. हे डोक्यात बसलं की आकृती पाठ करायची गरज नाही.

५. आणि रायबोझोम चढलाच नाही तर? किंवा दुसऱ्याच अमिनो ॲसिडचा तुटवडा असेल तर?

रायबोझोम नसेल तर १-२ तशीच राहते, २ गुंतलेला असल्याने ३ला पकडू शकत नाही, ३-४ पडते, टर्मिनेशन. बऱ्याच जणांना वाटतं रायबोझोम नाही म्हणजे थांबवणारं कोणी नाही म्हणून ट्रान्सक्रिप्शन चालू राहील, ते चूक आहे.

आर्जिनिनचा तुटवडा असेल तर गंमत आहे, कारण आर्जिनिनचा कोडॉन ट्रिप्टोफॅनच्या लगेच पुढे आहे, रायबोझोम जवळपास त्याच जागी अडकतो आणि टर्मिनेशन सैल होतं. पण सुरुवातीच्या मेथिओनिनवरच अडकला तर १-२ पडायला जागा राहते आणि थांबाच मिळतो. रायबोझोम नेमका कुठे उभा आहे एवढंच बघायचं.

६. हे फक्त ट्रिपलाच का?

नाही. हिस्टिडिन ऑपेरॉनच्या लीडर पेप्टाइडमध्ये तर लागोपाठ सात हिस्टिडिन आहेत, फिनाइलअॅलानिनच्या लीडरमध्येही १५ पैकी सात फिनाइलअॅलानिन. तत्त्व प्रश्न ४ मधलंच.

७. बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या जिवाणूमध्ये पण ट्रिप असंच चालतं का?

नाही, आणि हा प्रश्न नेटला आवडीने विचारतात. तिथे ट्रॅप नावाचं प्रोटीन आहे, ११ सबयुनिटचं कडं. ट्रिप्टोफॅन भरपूर असलं की ते ट्रॅपवर बसतं, आणि मग आरएनए या कड्याच्या बाहेरून गुंडाळला जातो, लीडरमध्ये जीएजी किंवा यूएजी असे ११ तुकडे असतात ते एकेका सबयुनिटला धरतात. त्या गुंडाळण्यात अँटीटर्मिनेटरची, म्हणजे टर्मिनेटर पडू न देणाऱ्या घडीची (ई. कोलायच्या ट्रिपमधल्या २-३ सारख्या), अक्षरं अडकतात, म्हणून टर्मिनेटर पडतो. रायबोझोमचा यात काही संबंध नाही.

मग टीआरएनए रिकामा आहे का हे बॅसिलसला कसं कळतं? त्याच्यासाठी अँटी-ट्रॅप नावाचं दुसरं प्रोटीन आहे, ते ट्रॅपला निकामी करतं, आणि ते बनवणाऱ्या जनुकाच्या लीडरमध्ये टी-बॉक्स आहे. टी-बॉक्स म्हणजे लीडर आरएनए स्वतःच टीआरएनएला पकडून बघतो, टोकाला अमिनो ॲसिड आहे का नाही. टोक रिकामं असलं तर अँटीटर्मिनेटर टिकतो, भरलेलं असलं तर टर्मिनेटर पडतो. टी-बॉक्सची ही पद्धत ग्रंडी आणि टीना हेन्किन यांनी १९९३ मध्ये टायरोसिनच्या जनुकावर दाखवली. आरएनएने आरएनएला चाचपून निर्णय घ्यायचा, मध्ये कुठलं नियंत्रक प्रोटीन नाही, मला तर ही सगळ्यात सुंदर रचना वाटते.

८. रायबोस्विच म्हणजे नेमकं काय?

लीडर आरएनएचा असा भाग जो छोट्या रेणूला थेट धरतो आणि धरल्यावर घडी बदलतो. धरणारा भाग म्हणजे अॅप्टामर, त्याच्या पुढे टर्मिनेटर-अँटीटर्मिनेटरची जोडी. २००२ मध्ये येल विद्यापीठातले रोनाल्ड ब्रेकर आणि न्यूयॉर्कचे एव्हगेनी नुडलर यांच्या गटांनी हे पक्कं दाखवलं. आज ५० पेक्षा जास्त प्रकार माहीत आहेत: थायमिन पायरोफॉस्फेट, एफएमएन (रायबोफ्लेविनपासून बनणारा रेणू), लायसिन, ग्वानिन, अगदी फ्लोराइड आयनसुद्धा.

ओळख किती बारीक असते बघा. बॅसिलसच्या ग्वानिन रायबोस्विचमध्ये ७४ नंबरला सी आहे, तो ग्वानिनशी जोडी लावतो. अॅडेनिन रायबोस्विचमध्ये त्याच जागी यू आहे. नुसता तो सी बदलून यू केला की ग्वानिन धरणारा आरएनए अॅडेनिन धरायला लागतो. वॉटसन-क्रिकची जोडी, फक्त समोर दुसरा धागा नसून सुटा रेणू आहे.

९. रेणू बसला की जनुक बंद, असंच ना?

बहुतेक ठिकाणी हो, कारण बहुतेक जनुकं तो रेणू बनवणारी किंवा आत आणणारी असतात, भरपूर असल्यावर बंदच हवीत. पण बॅसिलसमधलं पीबीयूई जनुक अॅडेनिन बाहेर फेकणारा पंप बनवतं, तिथे अॅडेनिन बसलं की टर्मिनेटर मोडतो आणि जनुक चालू होतं. फ्लोराइडचंही तसंच, फ्लोराइड आलं की ते बाहेर काढणारं प्रोटीन हवं. ग्लायसिनच्या स्विचने ग्लायसिन मोडणारी जनुकं चालू होतात. पाठ करू नका, जनुकाचं काम विचारा.

१०. प्रॅक्टिकलच्या पेपरमध्ये दिलं होतं की एफएमएन स्विच नॅनोमोलर, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणातल्या, रेणूलाच धरतो, पण ट्रान्सक्रिप्शन थांबवायला त्याहून खूप जास्त लागतो, हे कसं?

खूप चांगला प्रश्न. धरण्याची ताकद मोजताना आपण आरएनए आणि रेणू एकत्र ठेवून निवांत वाट बघतो. पेशीत तेवढा निवांतपणा नाही. अॅप्टामर बाहेर आल्यापासून पॉलिमरेज टर्मिनेटरच्या पुढे जाईपर्यंतच मोका असतो. भुसावळ जंक्शनला गाडी सांध्यावरून पुढे गेल्यावर सांधा बदलला तर काही उपयोग नाही, तसंच. कमी रेणू असतील तर ते वेळेत येऊन बसत नाहीत, म्हणून जास्त लागतात म्हणजे बसण्याचा वेग वाढतो. म्हणूनच पॉलिमरेजचे थांबे फार महत्त्वाचे. एफएमएनच्या लीडरमध्ये असे थांबे आहेत आणि नुसए नावाचं प्रोटीन ते आणखी लांबवतं, तेवढा वेळ स्विचला जास्त मिळतो. पॉलिमरेजचा वेग बदलला की त्याच स्विचचं उत्तर बदलतं.

११. एकच रायबोस्विच ई. कोलायमध्ये ट्रान्सलेशन (आरएनए वाचून प्रोटीन बनवणं) थांबवतो आणि बॅसिलसमध्ये ट्रान्सक्रिप्शन, असं का?

बॅसिलस आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये टर्मिनेटरवाले जास्त, ई. कोलायसारख्यांमध्ये रायबोझोम बसायची जागा झाकणारे जास्त. २०२० मध्ये दाखवलं गेलं की बॅसिलस सबटिलिसमध्ये पॉलिमरेज रायबोझोमला मागे टाकून खूप पुढे पळतं, ई. कोलायसारखी दोघांची जोडी राहत नाही. मग ट्रान्सलेशनवर बेतलेला थांबा तिथे भरवशाचा नाही, आणि प्रोटीन किंवा रेणूने चालणारे लीडर तिथे इतके का भरलेत ते लक्षात येतं. प्रश्न ४ आणि ७ शेजारी ठेवून परत वाचा, आता फरक जास्त पटेल.

१२. ऱ्हो आला की हेअरपिनचं काय?

ऱ्हो हे सहा सबयुनिटचं प्रोटीन, जेफ्री रॉबर्ट्स यांनी १९६९ मध्ये शोधलं. त्याला सी जास्त, जी कमी असलेला आणि न दुमडलेला आरएनए लागतो. म्हणजे इथे उलटा हिशोब: घडी पडली आणि ऱ्होची जागा लपली तर ट्रान्सक्रिप्शन चालू, जागा उघडी पडली तर ऱ्हो चढून पॉलिमरेजला काढून टाकतो. सॅल्मोनेलाच्या एमजीटीए जनुकात मॅग्नेशियम जास्त असलं की लीडरची घडी बदलते, ऱ्होला जागा मिळते आणि मॅग्नेशियम आत आणणारं जनुक थांबतं. त्यामुळे लीडरमध्ये प्रश्न २ सारखा टर्मिनेटर सापडला नाही म्हणून तिथे काही नियंत्रण नाही असं लिहू नका.

१३. लॅम्डा फाजचं (जिवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूचं) एन प्रोटीन पण अँटीटर्मिनेटर घडीच पाडतं का?

नाही. एन प्रोटीन आरएनएवरच्या बॉक्स-बी नावाच्या हेअरपिनला धरतं आणि नुसएसारख्या सोबत्यांसह पॉलिमरेजलाच चिकटून राहतं. मग ते पॉलिमरेज पुढचे अनेक टर्मिनेटर ओलांडतं, ऱ्होवालेसुद्धा. ट्रिपमधली २-३ घडी फक्त त्या एका टर्मिनेटरपुरती.

१४. मे महिन्यात जळगावचं तापमान ४५ च्या पुढे जातं, तेव्हा या घड्या उघडत असतील ना?

उष्णतेने घड्या सैल होतात हे खरं, आणि काही जिवाणू त्याचा वापरही करतात. लिस्टेरियाच्या पीआरएफए जनुकाचा लीडर थंडीत बंद असतो, ३७ अंशाला उघडतो, म्हणजे शरीरात शिरल्याचं त्याला कळतं. पण हे आरएनए थर्मामीटर जवळपास सगळे ट्रान्सलेशनवर काम करतात, ट्रान्सक्रिप्शनवर नाही, त्यामुळे उत्तरात दोन्ही मिसळू नका. आणि जीसी भरलेला टर्मिनेटर ४५ अंशाला मोडत नाही.

लॅबमध्ये मात्र उन्हाचा खरा त्रास आहे. इन-लाइन प्रोबिंगच्या (सैल जागी आरएनए आपोआप तुटतो त्यावरून घडी ओळखायच्या पद्धतीच्या) प्रोटोकॉलमध्ये आरएनए २५ अंशाला साधारण ४० तास ठेवायचा असतो आणि पुष्कळ ठिकाणी नुसतं रूम टेंपरेचर लिहिलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात रूम टेंपरेचर म्हणजे काय ते सांगायला नको. कूलिंगवाला इन्क्युबेटर वापरा, आणि वीज जाते तिथे तापमानाची नोंद ठेवा, नाहीतर जेलवरचे पट्टे वेगळेच दिसतील.

१५. टर्मिनेटर नसताना आरएनए ट्रान्सक्रिप्शन थांबवतो असं काही आहे का?

आहे, सिक्स-एस आरएनए. ई. कोलायमध्ये १८४ अक्षरांचा. याची घडी उघडलेल्या प्रमोटरसारखी (ट्रान्सक्रिप्शन जिथून सुरू होतं त्या डीएनएवरच्या जागेसारखी) दिसते, म्हणून सिग्मा ७० (प्रमोटर ओळखणारं प्रोटीन) असलेलं पॉलिमरेज त्यालाच प्रमोटर समजून धरून बसतं. अन्न संपून वाढ थांबते तेव्हा हा पेशीत भरपूर साठतो. अन्न परत आलं की पॉलिमरेज सिक्स-एसवरूनच एक छोटा आरएनए लिहितं आणि सुटतं. हा आरएनए १९६७ पासून माहीत होता, काम मात्र २००० मध्ये वॅसरमन आणि स्टोर्झ यांनी दाखवलं.

थोडं वेगळं उदाहरण स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पीटी१८१ प्लाझ्मिडचं (प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतलं डीएनएचं सुटं कडं). तिथे थांबा टर्मिनेटरचाच असतो, पण लीडरशी जोडी लावणारा उलटा (अँटीसेन्स) आरएनए येऊन लीडरला चिकटतो म्हणून टर्मिनेटर पडतो.

१६. माणसात किंवा केळीच्या झाडात पण असं होतं का?

रायबोझोमवालं ॲटेन्युएशन नाही, कारण केंद्रकात लिहिलं जातं आणि बाहेर वाचलं जातं, दोघं भेटतच नाहीत. पण थायमिन पायरोफॉस्फेटचा रायबोस्विच बुरशीत आणि वनस्पतींत सापडतो, तो स्प्लायसिंग (आरएनएतले नको ते तुकडे कापून बाकीचे जोडणं) बदलतो.

१७. केळी-कापसाला आम्ही दुकानातून बॅसिलस सबटिलिसची पिशवी आणतो, तिच्यात पण हे स्विच असतात का?

हो, त्या जातीच्या जिवाणूंत ट्रॅप, टी-बॉक्स, ग्वानिन, एफएमएन, लायसिन हे सगळं असतं. मुळाशी जाऊन तिथे जे मिळेल त्याप्रमाणे ते आपली जनुकं चालू-बंद करतात. पण त्या पिशवीने रोग कमी होतो तो या स्विचमुळे असं म्हणता येणार नाही, रोग दाबायचं काम ते जी प्रतिजैविकं सोडतात आणि मुळावर जी जागा व्यापतात त्याने होतं. कोणी रायबोस्विच टेक्नॉलॉजी म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

१८. यावर औषध निघू शकतं का?

प्रयत्न झालेत. रोझिओफ्लेविन हे स्ट्रेप्टोमायसिस बनवतं ते प्रतिजैविक एफएमएन स्विचला फसवतं, जिवाणूला वाटतं रायबोफ्लेविन भरपूर आहे आणि तो बनवणं थांबवतो. २०१५ मध्ये मर्कने रायबोसिल नावाचा रेणू जाहीर केला, तोही त्याच स्विचवर बसतो. अडचण अशी की लीडरमध्ये एखादं अक्षर बदललं की जिवाणू सुटतो, आणि जो जिवाणू बाहेरून रायबोफ्लेविन घेऊ शकतो त्याला फारसा फरक पडत नाही.

१९. आमच्या कॉलेजला मोठी मशिनं नाहीत, तरी प्रोजेक्ट करता येईल का?

येईल. लीडर लॅकझेड जनुकाच्या आधी जोडलेला प्लाझ्मिड मिळवा, ओएनपीजी (लॅकझेडच्या एन्झाइममुळे पिवळा रंग देणारं रसायन) टाकून पिवळा रंग कलरीमीटरवर मोजा, रेणू घालून आणि न घालता. सोबत देठ मोडलेला आणि देठ परत जोडलेला असे दोन म्युटंट हवेतच, त्याशिवाय कोणी मानणार नाही.

कॉम्प्युटरवर घडीचा अंदाज देणारं आरएनएफोल्ड फुकट आहे, पण सावध राहा. ते पूर्ण लांबीच्या आरएनएची सगळ्यात कमी ऊर्जेची घडी दाखवतं, लिहिता लिहिता मध्ये कुठली पडली ते दाखवत नाही. पूर्ण लीडर टाकला की बहुतेक वेळा टर्मिनेटरच दिसतो. म्हणून तोच लीडर दहा-दहा अक्षरं वाढवत टाका, प्रत्येक लांबीला काय पडतं ते लिहा.

२०. लीडरमध्ये हेअरपिन आणि यूची रांग दिसली, म्हणजे तिथे ॲटेन्युएशन आहे असं लिहू का?

एवढ्यावर नाही. तो मागच्या जनुकाचा साधा शेवटचा थांबा असू शकतो. आधी प्रमोटर त्याच्या अलीकडे आहे का बघा, मग टर्मिनेटरची अक्षरं घेऊन पडणारी दुसरी घडी आहे का शोधा, आणि जवळच्या जातींमध्ये दोन्ही घड्या टिकून आहेत का ते बघा: अक्षरं बदललेली पण जोड्या शाबूत असतील तर दावा मजबूत. त्यानंतरही कशाने स्विच होतो ते प्रयोगानेच ठरतं, पेप्टाइड आहे का, टी-बॉक्स आहे का, का रेणू, हे प्रश्न ४, ७ आणि ८ प्रमाणे एकेक करून तपासा.